प्रगती समाधानकारक

त्या केंद्रात माणसांना नावं नव्हती, कामं होती. दारांवरच्या पाट्यांवर लांबलचक पदव्या होत्या, पण लेकरं काखोटीला मारून धावतपळत येणाऱ्या आयांना त्या वाचायला सवड नव्हती. त्यांनी आपापली सोय करून घेतली होती. मुलांना बोलायला शिकवायच्या त्या वाचाबाई. वाकडे पाय सरळ करायचे ते हातपाय सर. मूल चावायला लागलं, डोकं आपटायला लागलं की ज्यांच्याकडे न्यायचं त्या वागणूक मॅडम. तळमजल्यावर चारचौघांसारख्या मुलांची बालवाडी होती, तिथल्या ताई. आणि सगळ्यांच्या डोक्यावर डॉक्टर. ते नुसतेच डॉक्टर, कारण त्यांना आणखी काही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

वाचाबाईंना ही नावं मनापासून पटायची. त्यांच्या मते ह्या लोकांना याहून मोठं काही म्हणावं अशी त्यांची लायकीच नव्हती.

वाचाबाई पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, कपाळावर कायमची एक आठी असलेल्या. केंद्रातले लोक पाठीमागे त्यांना करवत म्हणायचे. जाताना कापते आणि येतानाही कापते. हे त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना त्याचा राग आला नव्हता, उलट घरी जाऊन नवऱ्याला त्यांनी ते दोनदा सांगितलं होतं.

लहानपणी त्यांच्या घरात सगळे एकाच वेळी बोलायचे. धाकटा भाऊ अडखळायचा. त्यानं "मला प...प..." म्हणायचा अवकाश, कुणी पाणी आणून द्यायचं, कुणी पैसे, कुणी पेन्सिल, आणि त्याला हवं असायचं चौथंच काहीतरी. त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायची ती एकटी ही बहीण. तेच पुढे तिचं पोट भरायचं साधन झालं. मूल बोलेपर्यंत थांबणं, न कंटाळता, न सुचवता, तोंडावरची माशी न हलवता थांबणं, हा वाचाबाईंचा एकच मोठा गुण. तो त्यांनी सगळाच्या सगळा मुलांवर खर्च केला. मोठ्या माणसांसाठी त्यातला चिमूटभरही शिल्लक ठेवला नाही.

आता केंद्राची रीत सांगायला हवी. एकच लांब बोळ, त्याच्या एका बाजूला खोल्या, दुसऱ्या बाजूला आयांसाठी बाकं. मूल एका खोलीतून निघालं की दुसऱ्या खोलीत जायचं, आणि मुलाखेरीज त्या सगळ्या खोल्यांत जाणारं कुणीच नव्हतं. प्रत्येकाची खेळणी वेगळी, प्रत्येकाच्या कपाटाला कुलूप, प्रत्येक खेळण्यावर खोलीच्या रंगाची पट्टी. निळ्या पट्टीचा चेंडू हिरव्या खोलीत सापडला तर आठवडाभर बोलणं बंद व्हायचं. अख्ख्या केंद्रात मोठा आरसा एकच, चाकांवरचा. तो वाचाबाईंनाही लागायचा आणि हातपाय सरांनाही, म्हणून तो बहुतेक वेळ बोळात, दोघांच्या दारांच्या बरोबर मध्ये, कुणालाच काही न दाखवता उभा असायचा.

अशा ह्या एकत्र कुटुंबात डॉक्टर एकदा कुठल्याशा प्रशिक्षणाहून परतले ते 'समन्वय' हा शब्द घेऊन. लहान मुलाचे तुकडे करता येत नाहीत, जीभ इकडे, पाय तिकडे, स्वभाव तिसरीकडे असं चालत नाही, सगळ्यांनी मिळून एका मुलाकडे पाहायला हवं, असं ते म्हणाले. बोलणं शंभर टक्के खरं होतं. पण डॉक्टरांना खऱ्या बोलण्यावर भागवायची सवय नव्हती, त्यांना वस्तू लागायची. म्हणून त्यांनी समन्वयासाठी एक गोल टेबल मागवलं. ते दारातून आत जाईना. सुतारानं पाय कापले, आत नेऊन पुन्हा जोडले, आणि समन्वयाचं टेबल पहिल्या दिवसापासून लंगडायला लागलं. एका पायाखाली घडी घातलेला कागद सरकवून दर मंगळवारी त्याच्याभोवती बैठक सुरू झाली.

ह्या बैठकीत वाचाबाई शब्दकोडं सोडवायच्या.

त्यांचं म्हणणं असं, की ऐकण्यासारखं तिथे होतंच काय? हातपाय सरांना मूल कधी दिसलंच नाही, त्यांना तळवे दिसायचे. आई हवी म्हणून हंबरडा फोडणाऱ्या पोराला आडवं धरून ते त्याच्या टाचेचा कोन समजावून सांगायचे. बालवाडीच्या ताईंच्या हातात सदा कात्री. मूल हसलं की कागदाचं फूल, मूल रडलं की कागदाचं फूल, आणि बैठकीतही कातरकाम चालूच. आणि वागणूक मॅडम तर वाचाबाईंच्या खास मर्जीतल्या. मॅडम वयानं लहान, इस्त्रीच्या कपड्यांतल्या, लॅपटॉपवाल्या. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचा आलेख असायचा. "एखादं मूल हिच्या अंगावर ओकलं तर ही आधी आलेख काढेल, मग पदर पुसेल," असं वाचाबाई घरी म्हणाल्या होत्या.

"ती पदर कुठे घेते?" नवऱ्यानं विचारलं होतं.

नवरा बँकेतून निवृत्त झालेला. संध्याकाळी ओट्याशी उभा राहून भाजी चिरायचा आणि बायकोच्या तोंडाचा पट्टा ऐकायचा. ऐकून झालं की त्याचा एकच प्रश्न ठरलेला असायचा. "मग हे तू त्यांना सांगितलंस का?"

"कुणाला सांगू? गाढवापुढे वाचली गीता."

बैठकीत आपली पाळी आली की वाचाबाई कोड्यातून डोकं वर काढायच्या आणि म्हणायच्या, "प्रगती समाधानकारक." कुठल्याही मुलाबद्दल, कुठल्याही मंगळवारी, एवढंच. पुन्हा डोकं कोड्यात. डॉक्टरांना वाटायचं, काय मोजकं बोलतात. ताईंना वाटायचं, लवकर आटपतं ते बरं. खरी गोष्ट अशी, की आपल्या खोलीत काय चालतं ते ह्या मंडळींना सांगणं वाचाबाईंना कमीपणाचं वाटायचं. माणसानं आपलं चांगलं ताट कुणाही सोम्यागोम्यापुढे वाढू नये. नाकानं कांदे सोलणारी माणसं पुष्कळ असतात, पण वाचाबाईंनी त्यात नाव काढलं होतं.

त्या वर्षी त्यांच्याकडे चिमणी यायची.

चिमणी हे नाव वाचाबाईंनीच ठेवलेलं. चार वर्षं पूर्ण व्हायला आलेली, बारीक, मोठ्या डोळ्यांची मुलगी. तोंड उघडायची, मिटायची, आवाज नाही. कान ठीक, घसा ठीक, सगळ्या तपासण्या ठीक, फक्त शब्द नाही. तिची आई कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्रीला उभी राहायची, दुपारची सुट्टी पुढेमागे करून मुलीला केंद्रात आणायची. बाप दूर कुठेतरी जहाजावर होता आणि फोनवरून "बोलली का?" एवढंच विचारायचा.

ह्या आईची एकच इच्छा होती. खालच्या बालवाडीत आपल्या मुलीला घ्यावं. बोळातल्या बाकावर बसलं की खालून मुलांचा गलका वर यायचा आणि चिमणी जिन्याच्या कठड्याला नाक लावून उभी राहायची. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बालवाडीचं नवं वर्ष सुरू होणार होतं. तेव्हा तिला घेतलं तर घेतलं. त्याच्या पुढच्या वर्षी तिचं वय नियमाबाहेर जाणार होतं, म्हणजे ते दार कायमचं बंद. ताईंची अट एकच होती आणि ती रास्त होती. बोलली नाही तरी चालेल, पण पोरीला काय हवंय ते तिनं आपण होऊन कळवलं पाहिजे. "एवढ्या पोरांत मी एकटी," ताई म्हणाल्या होत्या. "हिला तहान लागली तर मला कळणार कसं?"

वाचाबाईंनी हे काम अंगावर घेतलं, आणि काम करताना त्या खरोखर पाहण्यासारख्या असायच्या. शब्द यायचा तेव्हा येईल, आधी मागता येतं हे तर कळू दे, असं त्यांचं मत. त्या साबणाचे फुगे उडवायच्या. चिमणी हरखायची. मग वाचाबाई बाटलीला झाकण लावायच्या आणि थांबायच्या. चिमणी बाटली ओढायची, रुसायची, जमिनीवर लोळायची. वाचाबाई थांबायच्या. मग तिचे दोन्ही हात हातात घेऊन बोटांच्या दोन चोची करायच्या आणि चोचीला चोच टेकवायच्या. म्हणजे 'आणखी'. लगेच झाकण उघडायचं, फुगे. पुन्हा झाकण, पुन्हा थांबणं. आठवड्यांमागून आठवडे हेच. दुसरं कुणी असतं तर बाटली फेकून दिली असती.

आणि एका दुपारी चिमणीनं आपले आपण हात उचलले, दोन चोची केल्या आणि टेकवल्या.

वाचाबाईंनी इतके फुगे उडवले की फरशी निसरडी झाली. त्या दिवशी त्यांनी घरी पाऊल टाकल्या टाकल्या नवऱ्यासमोर बोटं जुळवून दाखवली. नवऱ्याच्या हातातली सुरी थांबली. "वा," तो म्हणाला. "आईला सांगितलंस का तिच्या?"

"इतक्यात नाही. पक्कं झाल्याशिवाय मी घरी पाठवत नाही. ह्या आया लगेच शेजारणीला बोलावून 'कर गं, कर गं' सुरू करतात, आणि पोरं करायचं सोडतात."

"मग तिथल्या बाकीच्यांना तरी?"

"त्यांना काय कळतंय त्यातलं?"

मंगळवारी चिमणीचा विषय निघाला तेव्हा वाचाबाई म्हणाल्या, "प्रगती समाधानकारक." त्या दिवशी हे म्हणताना त्यांना आतून गुदगुल्या झाल्या. आपल्याकडे हिरा आहे आणि समोरच्यांना गारगोटीही माहीत नाही, ह्याचं सुख काही लोकांना हिऱ्यापेक्षा जास्त असतं.

पुढे दोनेक महिन्यांनी एका बैठकीत वागणूक मॅडम लॅपटॉप उघडून उभ्या राहिल्या. चिमणीत खूप सुधारणा आहे, त्या म्हणाल्या. सुरुवातीला ती एका जागी बसत नसे, आता बसते. मधेच तिला हातांचे चाळे करायची एक सवय लागली होती, ती आपण पद्धतशीरपणे कमी करत आणली, हा पाहा आलेख. पडद्यावर एक रेघ डावीकडून उंचावरून सुरू होऊन उजवीकडे खाली खाली गेली होती.

"ती काय करायची," मॅडम म्हणाल्या, "तर हे असं..." आणि त्यांनी दोन्ही हात वर उचलले.

"मॅडम," वाचाबाई कोड्यातून वर न बघता म्हणाल्या, "तुमचा आलेख आहे की घसरगुंडी? खाली बालवाडीत नेऊन ठेवा, पोरं तरी खेळतील."

हातपाय सर खो खो हसले. ताईंच्या हातून कात्री पडली. डॉक्टरांनीसुद्धा खोकल्याचं निमित्त केलं. मॅडमनी वर उचललेले हात खाली घेतले, लॅपटॉप मिटला आणि त्या बसल्या. पुढच्या मुलाचा विषय निघाला. वाचाबाई आठवडाभर स्वतःच्या विनोदावर खूश होत्या. नवऱ्याला सांगितला, भावाला फोन करून सांगितला, भाजीवाल्याला सांगायच्या तेवढ्या राहिल्या.

त्याच सुमाराला चिमणी मागेनाशी झाली.

आधी वाचाबाईंना वाटलं, मरगळ असेल. मग वाटलं, फुग्यांचा कंटाळा आला. त्यांनी रंगीत भोवरा आणला, घुंगरांचा डबा आणला. चिमणीला भोवरा हवासा वाटायचा हे डोळ्यांत दिसायचं, पण हात उचलताना ती चाचरायची, अर्ध्यावर थांबायची. कधी व्हायचं, कधी नाही. शेवटी बाईंनी आईला दारात गाठलं.

"घरी काही करता की नाही तिच्याबरोबर?"

"करते ना बाई," आई म्हणाली. "मॅडमनी सांगितलंय ते सगळं करते. एक दिवस चुकवत नाही."

मॅडम हा शब्द ऐकला मात्र, वाचाबाईंनी नाक मुरडलं आणि दार लावून घेतलं. मॅडमनी काय सांगितलंय, हा प्रश्न तोंडात यायच्या आधीच त्यांचं नाक आडवं आलं. पालथ्या घड्यावर पाणी, असं त्या आईबद्दल मनात म्हणाल्या. घडा कोण होता ते त्यांना पुढे कळायचं होतं.

सुट्टी जवळ आली तेव्हा डॉक्टरांना नवी कल्पना सुचली. बालवाडीचा निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा, सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच खोलीत मुलीला पाहायचं. इतके मंगळवार ही माणसं त्या लंगड्या टेबलाभोवती एका मुलीबद्दल बोलत होती, पण त्या मुलीसोबत सगळे मिळून एकदाही बसले नव्हते. हे कुणालाच विचित्र वाटलं नव्हतं.

बैठकीच्या खोलीत टेबल भिंतीला लावून सतरंजी घातली. एका बाजूला डॉक्टर, हातपाय सर आणि ताई, ह्या वेळी कात्रीविना. दुसऱ्या बाजूला वागणूक मॅडम. मधे चिमणी आणि वाचाबाई. आईला बाहेर बाकावर बसवलं होतं.

वाचाबाईंनी फुग्यांची बाटली काढली. त्यांनी तो दिवस मनात अनेकदा रंगवून ठेवला होता. चिमणी हात उचलेल, चोचीला चोच टेकवेल, आणि मग ह्या सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतील. त्यांनी फुगे उडवले. चिमणी टाचा उंचावून फुग्यांमागे गेली, एक नाकावर फुटला तेव्हा हसली. बाईंनी झाकण लावलं आणि त्या थांबल्या.

चिमणी समोर येऊन बसली. बाटलीकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. तिचे हात मांडीवरून उठले, बोटं गोळा झाली, दोन चोची झाल्या, एकमेकींजवळ आल्या. आणि तिची नजर बाईंच्या खांद्यावरून मागे मॅडमवर गेली.

हात थांबले. मग तिनं ते खाली घेतले आणि एकेक करून आपल्या मांड्यांखाली सरकवले. तळवे खाली, ताठ. आणि मॅडमकडे पाहत राहिली.

"शाब्बास," मॅडम म्हणाल्या. सवयीनं म्हणाल्या, अगदी प्रेमानं.

वाचाबाई तशाच थांबून राहिल्या, पण चिमणीचे हात काही पुन्हा वर आले नाहीत. शेवटी ताईंनी मान हलवली. डॉक्टरांनी आईला आत न बोलावता मुलीलाच बाहेर पाठवलं आणि दार लोटलं.

"तुम्ही तिचे हात बांधलेत," वाचाबाई म्हणाल्या.

"मी?" मॅडम गडबडल्या. "बांधले नाहीत. चाळे सुटावेत म्हणून शिकवलं. हात मांडीखाली घेतले की शाबासकी, की खेळणं. किती दिवस लागले त्याला."

"ते चाळे नव्हते हो. ती मागत होती. आणखी, आणखी म्हणत होती. मी शिकवलंय ते तिला. तुमच्या खोलीत येऊन तुमच्याकडे ती काहीतरी मागत होती आणि तुम्ही..." पुढचं वाक्य बाईंना जुळेना. करवतीचे दात प्रथमच अडकले.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आपले हात उचलून बोटं जुळवली. "हे? हे म्हणजे आणखी?"

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीत?" मॅडमचा आवाज चढला नव्हता, त्यानंच जास्त लागलं. "दर मंगळवारी ह्याच टेबलाशी बसतो आपण. मी दाखवत होते तुम्हाला. ती काय करते ते हातांनी करून दाखवणार होते. तुम्ही घसरगुंडी म्हणालात. सगळे हसले. मी बसले खाली."

वाचाबाईंना ते हात आठवले. कोड्यावरून वर न बघताही डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसले होते ते. वर उचललेले, अर्धवट जुळलेले, मग खाली गेलेले. हातांनी काही सांगू पाहणारं माणूस, हे त्यांच्याच धंद्यातलं दृश्य होतं, आणि त्यांनी त्याला बोलू दिलं नव्हतं. भावाचं वाक्य तोडणाऱ्यांना जन्मभर नावं ठेवणारी बाई, आणि तिनं हे केलं होतं.

"नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगून काही उपयोग होईल असं मला वाटलंच नाही कधी."

"मलाही तुम्हाला विचारावंसं वाटलं नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमची भीती वाटते."

हातपाय सर आपल्याच बुटांकडे बघत होते. बहुधा पहिल्यांदाच त्यांना कुठल्या पायाबद्दल काही बोलायचं नव्हतं. डॉक्टर घसा साफ करून म्हणाले, "म्हणूनच तर मी समन्वय..."

"डॉक्टर," वाचाबाई म्हणाल्या, "तुम्ही जरा गप्प बसा."

ताईंनी हळूच सांगितलं की यादी सुट्टीआधी लागते, त्यांच्या हातात काही नाही, आज जे दिसलं त्यावरून त्या मुलीला घेऊ शकत नाहीत. कुणीच त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. जागा गेली. त्या खोलीत एवढ्या पदव्या बसल्या होत्या आणि एका पोरीची जागा त्या सगळ्यांनी मिळून घालवली होती. केंद्रात खरोखर मिळून केलेलं असं ते पहिलंच काम.

आईला कळवायचं कुणी, हा प्रश्न आला. डॉक्टर म्हणाले, आपण व्यवस्थित पत्र पाठवू. वाचाबाई उठल्या. दारापर्यंत गेल्यावर त्यांना मागे चपलांचा आवाज आला. वागणूक मॅडम पाठोपाठ येत होत्या. वाचाबाईंनी दार धरून ठेवलं. इतक्या वर्षांत त्यांनी कुणासाठी दार धरल्याचं कुणाच्या पाहण्यात नव्हतं.

बोळात आई बाकावर बसली होती, शेजारी चिमणी, हात अजून मांड्यांखाली. दोघी एकदम समोर येऊन उभ्या राहिल्या तसं आईच्या चेहऱ्यावर हसू आलं. दोघी मिळून सांगायला आल्यात म्हणजे चांगलंच असणार, असं तिला वाटलं असावं.

वाचाबाईंनी आधी जागेचं सांगितलं. मग बाकीचं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. मी तिला हे शिकवलं, ह्यांना सांगितलं नाही, तुम्हालाही सांगितलं नाही. ह्यांनी ते मोडलं, मला विचारलं नाही. त्यांनी बोटं जुळवून दाखवली. "हे म्हणजे आणखी."

आई त्या बोटांकडे बघत राहिली.

"जेवताना करायची ती असं," ती म्हणाली. "ताटातलं संपलं की करायची. मॅडमनी सांगितलं होतं, घरीही हात खाली घ्यायला लावा, म्हणून मी घ्यायला लावायचे." तिनं पिशवी मांडीवर ओढली. "मला वाटायचं, पोट भरलं म्हणून चाळे चाललेत. मी ताट उचलून न्यायचे."

मॅडम भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आयुष्यभर ज्या वाचाबाईंच्या जिभेवर दुसऱ्याला लावायला शब्द तयार असायचा त्यांच्याकडे त्या बाईला द्यायला काही नव्हतं. लाज वाटणं म्हणजे काय हे त्यांनी बरंच उशिरा अनुभवलं, पण जे अनुभवलं ते पुरेपूर.

आईनं पिशवीतून एक केळं काढलं. सोललं, तुकडा मोडून मुलीला भरवला. चिमणीनं खाल्ला. उरलेल्या केळ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि हात मांड्यांखाली आणखी आत सरकवून शहाण्यासारखी बसून राहिली.

वाचाबाई गुडघे टेकून तिच्यासमोर खाली बसल्या. चोची करायला त्यांनी तिचे हात धरायचा प्रयत्न केला. त्याच वेळी पलीकडून मॅडमही वाकल्या.

"थांबा," आई म्हणाली. "दोघी थांबा. आधी तुमचं तुम्ही ठरवा काय ते. मग मला सांगा."

दोघींनी हात मागे घेतले. आईनं मुलीचे हात स्वतः बाहेर काढले, आणि उरलेलं केळं सगळं तिच्या हातात दिलं, न मागता.